हात वर झाला की यंत्र बंद

डॉक्टर,

तुम्हाला पत्र लिहिण्यात अर्थ नाही, हे मला कळतं. तुम्ही गेलात, आणि असतात तरी पूर्ण वाचलं नसतंत. माझी टिपणं तुम्ही शेवटाकडून वाचायचात. "बाई, तुमचा मुद्दा शेवटच्या ओळीत असतो, वरचं सगळं भांडणासाठी असतं," असं तोंडावर सांगायचात. तेव्हा आधीच सांगून ठेवते: तुमचं ते एक काम माझ्याकडून झालेलं नाही. रागवायचं असेल तर आत्ताच रागवून घ्या, म्हणजे मला पुढचं निवांत लिहिता येईल.

संस्थेला तुमच्यावर अंक काढायचा आहे. "तुम्ही लिहा, तुमचं नि त्यांचं सगळ्यांत जास्त वाजलंय," असं ताई म्हणाली. हे कारण मला पटलं. बाकीचे काय लिहिणार ते मी न वाचता सांगते: हसतमुख, निगर्वी, मुलांवर जीव लावणारे. हसतमुख! दातांच्या डॉक्टरानं तोंड मिटून बसायचं ठरवलं तर दवाखाना कसा चालायचा?

लिहिलं ते आधी ताईला वाचून दाखवलं. ऐकता ऐकता तिनं काही ठिकाणी हात वर केला. तेवढं तेवढं खोडलं; का म्हणून विचारलं नाही. बघा, शिकले की नाही? उशिरा का होईना.

आता तुम्ही जरा बाजूला बसा. वाचणारी माणसं तुम्हाला ओळखत नाहीत, त्यांना पहिल्यापासून सांगायला हवं.

तर, डॉक्टर दातांचे. दवाखाना बाजारच्या रस्त्यावर, औषधाच्या दुकानाच्या वर. जिना इतका अरुंद की वरून उतरणारा गालाला हात लावून उतरत असला तर खालच्यानं भिंतीला चिकटून उभं राहायचं. वर एक हॉल, त्यात दोन लाकडी बाकं. आतल्या खोलीत ती खुर्ची, खुर्चीवर वाकलेला दिवा, आणि सगळीकडे लवंगेच्या तेलाचा वास. डॉक्टर ठेंगणे, अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालणारे, आणि काम करताना एकच सूर नाकातल्या नाकात धरणारे. तो सूर कुठल्याच गाण्याचा नव्हता. मी विचारलं होतं.

मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत असे. निवृत्त झाले त्या वर्षी अक्कलदाढ दुखायला लागली. "आता काय उपयोग तिचा," असं माझी बहीण म्हणाली. मी जिना चढले.

डॉक्टर म्हणाले, "बाई, आता तुमच्या तोंडात आरसा, नळी आणि माझी बोटं असणार. बोलता येणार नाही."

"तेवढ्यासाठीच घरच्यांनी पाठवलंय."

"तर दुखलं, भीती वाटली, कंटाळा आला, काहीही झालं तरी डावा हात वर करायचा. मी थांबेन."

यंत्र सुरू झालं. जरा वेळानं मी हात वर केला. यंत्र बंद. डॉक्टरांनी हत्यार ट्रेमध्ये ठेवलं आणि हात मांडीवर घेऊन बसले.

"दुखत नव्हतं," मी म्हटलं. "थांबता का ते बघत होते."

"बघितलंत ना? लावू आता?"

"आणि मी पुन्हा केला तर?"

"पुन्हा थांबेन."

"मग काम व्हायचं कधी?"

"हात खाली असेल तेव्हा."

चिडले असते तर मला आवडलं असतं. निदान वाद घालता आला असता. लहान मुलं तर सारखा हात वर करून मजा बघायची. त्यांनीच 'थांबा डॉक्टर' हे नाव पाडलं. पुढे मोठी माणसंही तेच म्हणायला लागली. मी एकदा म्हटलं, "सगळेच डॉक्टर हात वर करायला सांगतात." ते म्हणाले, "सांगतात. आणि केला की म्हणतात, झालं झालं, एवढंच राहिलं. थांबतो म्हणायचं आणि थांबायचं नाही, हे मुलांना घरीदारी भेटतंच, बाई. माझ्याकडे यायचा त्रास कशाला घ्यायचा मग?"

त्याच खुर्चीत, तोंडात कापूस असताना, त्यांनी मला संस्थेच्या मंडळात घेतलं. बाहेर येऊन मी "नाही" म्हणायच्या आत मंडळातल्या वकिलांना फोन झाला होता.

संस्थेचं काम थोडक्यात सांगते. एखाद्या मुलाला कुणा मोठ्या माणसानं दुखवलं, नको तसं वागवलं, की ते मूल कसंबसं कुणाला तरी सांगतं. मग पोलीस विचारतात, दवाखान्यात विचारतात, शाळा विचारते, वकील विचारतो, आत्या-मावश्या विचारतात. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं. ताईनं संस्था काढली ती एवढ्याचसाठी: मुलानं एकदाच सांगायचं. एका खोलीत, एका शिकलेल्या, सवयीच्या माणसाला, आपल्या चालीनं. ज्यांना ऐकायचा हक्क आहे त्यांनी काचेपलीकडे बसून ऐकायचं, आणि परत त्या मुलाला कुणी छेडायचं नाही. पुढे कोर्टापर्यंत ताई किंवा तिच्या हाताखालच्या मुली बरोबर जातात. खोलीत शिरल्यावर मुलाला पहिली गोष्ट सांगितली जाते, ती डॉक्टरांची: हात वर केलास की आम्ही थांबणार.

कायद्याला मंडळ लागतं म्हणून आम्ही होतो. डॉक्टर अध्यक्ष, एक वकील, एक हिशेबतपासनीस, आणि चिटणीस मी. बैठक दवाखान्यातच व्हायची, संध्याकाळचे पेशंट संपले की. खुर्च्या पुरत नसत. शेवटी येणाऱ्यानं दातांच्या खुर्चीत बसायचं असा नियम होता, आणि तिथं पाठ मागे टेकली की छताकडे बघतच मत द्यावं लागे. त्यामुळे आमच्या मंडळाइतकं वेळेवर जमणारं मंडळ मी दुसरं पाहिलेलं नाही.

दुसरा नियम महत्त्वाचा. मंडळाला मुलांची नावं कळायची नाहीत. नाव नाही, शाळा नाही, गल्ली नाही. आम्ही दिशा दाखवणारे. रस्त्यानं कोण चाललंय ते आम्हाला दिसू नये, अशीच व्यवस्था होती आणि ती योग्यच होती. चूक झाली तीही त्यामुळेच झाली.

संस्थेच्या भाड्याच्या खोल्या घरमालकाला परत हव्या होत्या. त्याचंही बरोबर होतं, त्याच्या मुलाचा संसार वाढला होता. आम्ही जागा शोधायला लागलो. 'लहान मुलांची पोलीस-कोर्टाची भानगड' म्हटलं की लोक दार लोटून घेत. आणि अशात डॉक्टरांचे मित्र पुढे आले.

त्यांना मी बिल्डर म्हणणार आहे. ते बिल्डर नव्हते. धंदा मुद्दाम बदलला आहे. बाकी सगळं खरं. डॉक्टरांचे कॉलेजपासूनचे मित्र. दर रविवारी सकाळी दवाखान्यात बुद्धिबळ. बिल्डर मोठ्यानं बोलायचे, मोठ्यानं हसायचे, हरले की पट हलवून "अरेच्चा, धक्का लागला" म्हणायचे, आणि डॉक्टर सोंगट्या बिनचूक होत्या तशा मांडून द्यायचे. बिल्डरांचे एका बाजूचे दात गेले होते. डॉक्टर त्यांच्यासाठी अर्धी कवळी करत होते. माप घेऊन झालं होतं, मेणाची बसवून बघणं चाललं होतं. तसे तोंड उघडून बसलेले असताना बिल्डरांनी संस्थेची अडचण ऐकली, कवळी काढायला लावली आणि म्हणाले, "अरे, माझ्या नव्या इमारतीचा तळमजला घ्या की! भाडं कसलं मागतोय मी?"

स्वतंत्र दार, मागे अंगण, काचेची भिंत घालायला जागा. आम्हाला आकाश ठेंगणं झालं. जो तो आपापल्या विद्येनं कामाला लागला. वकिलांनी करार लिहिला, हिशेबतपासनिसांनी तपासला, मी दारावरच्या पाटीचा मजकूर केला आणि त्यातलं एक विशेषण कमी करण्यावरून दोघांशी भांडले. डॉक्टर तर मोजपट्टी घेऊन जाऊन आले, छोट्या खुर्च्या कुठे मावतील ते बघायला. ताईला कुणीच विचारलं नव्हतं. "तिच्या डोक्याला आधीच ताप थोडा आहे का? सगळं तयार करून दाखवू," असं ठरलं होतं. शिकलेली चार माणसं प्रेमानं एकत्र आली की असला घोळ घालतात.

ताईला बोलावलं ती बैठक मला नीट आठवते. नकाशा टेबलावर पसरलेला, चार कोपऱ्यांवर चार कप ठेवलेले. ताईनं नकाशा पाहिला, अंगण पाहिलं, चेहरा खुलला. मग विचारलं, "कुणाची जागा?"

डॉक्टरांनी सांगितलं.

ताई नकाशाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "नको."

"नको म्हणजे?" वकील म्हणाले. "पाण्याचा प्रश्न? रस्त्याचा?"

"नाही."

"का मग?" हे मी. जन्मभर मुलांना शिकवलं की कारणाशिवाय निष्कर्ष म्हणजे पायाशिवाय जिना. "ताई, नुसतं 'नको' कसं चालेल? महिन्याभरात रस्त्यावर येऊ आपण. कारण तरी सांग."

ताईनं तोंड उघडलं आणि मिटलं. तिचा डावा हात टेबलावरून वर आला. फार नाही, कपाच्या काठाएवढा. तिला स्वतःला ते कळलं होतं की नाही, देव जाणे.

"थांबा सगळे," डॉक्टर म्हणाले.

"अहो पण कारण..."

"बाई, हात वर आहे."

"मी काय तिची दाढ काढतेय?"

"तेच करताय."

मग वकिलांच्या डोक्यात उजेड पडला. ते दातांच्या खुर्चीत होते, तिथून धडपडत उठून बसले. "बरोबर आहे. आता पुढे एक शब्द नको. ताई, 'सांगता येत नाही' एवढं जरी म्हणालीस तरी सांगून झालं. आम्ही ऐकलं नाही, तू बोलली नाहीस."

डॉक्टरांनी कप उचलून नकाशाची गुंडाळी केली. "दुसरी जागा बघू," म्हणाले. झालं. विषय संपला.

माझा संपला नव्हता. बाकीचे गेल्यावर मी बसून राहिले.

"समजा तिचं त्यांच्याशी नुसतं पटत नसलं तर?"

"असू शकेल," डॉक्टर ट्रेमधली हत्यारं उकळत्या पाण्यात सोडत म्हणाले.

"समजा तिला चुकीचं काही कळलेलं असलं तर?"

"तेही असू शकेल."

"आणि तुमचा मित्र..."

त्यांचा हात जरासा थांबला. "तो माझा मित्र आहे, बाई. मी त्याच्या तोंडातला दातन् दात ओळखतो. त्यापलीकडे काय ओळखतो, ते मला आज विचारू नका."

"म्हणजे जागा घालवायची. नुसत्या हातावर."

"हो. आज तिला 'कारण दे' म्हटलं, तर पुढच्या वेळी ती हात वर करणार नाही. कशाला करेल? आणि मुलांना तीच रोज सांगते ना, इथं थांबता येतं म्हणून. कुणाच्या जिवावर सांगेल मग?"

मी पिशवी उचलून तरातरा जिना उतरले. घरी जाऊनही याचं खंडन सुचलं नाही, याचा राग जास्त आला.

खरा पेच पुढेच होता. दुसऱ्या दिवशी वकील धापा टाकत वर आले. मुलांची संस्था एखाद्या माणसाची फुकट जागा कारण न देता नाकारते, म्हटल्यावर गाव काय तर्क करणार? माणूस निर्दोष असला तर त्याच्यावर नाहक शिंतोडे, आणि लोक खोदत गेले तर खाली कुठलंतरी मूल. तेव्हा कारण हवं. असं हवं की त्याच्या मागे बघावंसं कुणाला वाटू नये.

"माझा हट्ट," डॉक्टर म्हणाले. "अध्यक्षाला संस्था आपल्या दवाखान्याजवळ हवी. मोठेपणा सुटत नाही. पुरे आहे की."

"कोण विश्वास ठेवेल?" मी म्हटलं.

"सगळे. माणसाच्या हट्टावर लोकांचा चटकन विश्वास बसतो."

बिल्डरांकडे मी बरोबर गेले, चिटणीस म्हणून. कचेरीत पंखा फिरत होता, टेबलावर इमारतीचं पुठ्ठ्याचं मॉडेल होतं आणि तळमजल्यावर त्यांनी कौतुकानं लाल झेंडी टोचून ठेवली होती.

"जागा नको, रे," डॉक्टर म्हणाले. "दवाखान्यापासून लांब पडते."

"लांब? दोन गल्ल्या!"

"मला रोज लक्ष घालायला हवं. जवळच पाहिजे."

बिल्डर हसले. पुढचा विनोद येईल म्हणून वाट बघत राहिले. आला नाही. मग माझ्याकडे बघितलं. मी इमारतीच्या गच्चीकडे बघत बसले.

"तुला संस्था चालवायची आहे की मिरवायची आहे?"

"मिरवायची आहे," डॉक्टर म्हणाले. 'गुळणी करा' म्हणायचे त्याच आवाजात.

मग बिल्डरांनी ती झेंडी उपटली, ड्रॉवरमध्ये टाकली आणि म्हणाले, "बरं."

आम्ही उठलो. दारात डॉक्टर वळले. "तुझी कवळी तयार होते आहे. ये पुढच्या आठवड्यात."

"राहू दे," बिल्डर म्हणाले. "लांब पडतं मला."

त्यानंतर रविवारचं बुद्धिबळ बंद झालं. गावात बोभाटा व्हायचा तो झाला. 'थांबा डॉक्टरांनी मोठेपणापायी पोरांचं घर घालवलं.' खाली औषधाच्या दुकानात लोक ते मोकळेपणानं बोलत, आणि जिना असा की वर सगळं ऐकू येई. डॉक्टर नाकातला सूर जरा मोठा करत, एवढंच. वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, त्यांनी हट्टाचंच कारण सांगितलं. वहिनी मला म्हणाल्या, "इतक्या वर्षांच्या संसारात यांचा हट्ट एकदा जरी पाहिला असता ना, तर विश्वास ठेवला असता मी. भाजीत मीठ नसलं तर शेजारच्या घरात जाऊन मागतील, पण मला म्हणणार नाहीत." पण त्यांनीही पुढे विचारलं नाही. त्या घरात थांबायची सवय दोघांनाही होती.

जागा काही मिळेना. घरमालकाची मुदत भरली तेव्हा डॉक्टरांनी हॉलमध्ये भिंत घातली. हॉल आणि पलीकडची हत्यारांची खोली संस्थेला, आतली खुर्चीची खोली स्वतःला. जिन्याच्या तोंडाशी पडदा लावून पेशंटांचं एक बाक बसवलं, दुसरं बाक मला घरी न्यायला लावलं. (अजून आहे. टोचतं.) गावाला काय, पुरावाच मिळाला. "बघा, शेवटी घरातच आणली संस्था!"

भिंत झाली, पण दात कोरायचं यंत्र सुरू झालं की त्याचा आवाज पलीकडे पार हाडात शिरे. ज्या खोलीत मुलांनी जड जिभेनं काही सांगायचं, तिथं भिंतीतून ते किरकिर करणं! मग एक लाल दिवा बसवला. पलीकडे मूल बोलायला बसलं की ताई बटण दाबायची. दिवा लागला की यंत्र बंद. दिवा विझेपर्यंत पेशंट खुर्चीत, तोंड उघडं, आणि डॉक्टर मांडीवर हात ठेवून समोर. मूल कधी लवकर उठे, कधी खेळण्यांशी खेळत बसे आणि हळूहळू बोले. त्याला कोण घाई करणार? अर्ध्या कोरलेल्या दाढांची माणसं बाकावर रांगेनं बसलेली मी पाहिली आहेत. कितीतरी पेशंट दुसरीकडे गेले. वहिनी म्हणायच्या, "आमच्याकडे दुखणं बरं होत नाही, त्याची सवय होते."

वकिलांना जागा गेल्याचं शेवटपर्यंत लागून राहिलं होतं. तर एकदा त्यांचीच दाढ काढायची वेळ आली. भूल दिलेली, तोंडात नळी खळखळते आहे, आणि दिवा लागला. मी काही कागदांवर सही घ्यायला आत गेले होते. डॉक्टर थांबले. बराच वेळ गेला. वकिलांनी डोळे फिरवले, पाय हलवले, आणि अखेर डावा हात ताठ वर केला.

"मी थांबलोच आहे हो," डॉक्टर म्हणाले. "अजून किती थांबू?"

वकिलांच्या घशातून कायद्यात न बसणारा आवाज आला. मी हसून हसून बाहेर पळाले. पण जिन्यावर उतरताना गाल धरून ते मला म्हणाले, "बाई, पलीकडे कोण होतं हो?" आणि मग स्वतःच हात वर केला. "नको. नका सांगू." जसं काही मला माहीत होतं!

तशी ती संस्था तिथंच वाढली. अजूनही तिथंच आहे. आता सगळ्या खोल्या तिच्याच.

राहिली कवळी. डॉक्टरांनी ती ठरल्या आठवड्यात तयार केली होती. गुलाबी हिरड्या, कडेला तारेचे आकडे, आणि बिल्डरांच्या स्वतःच्या दातांशी जुळावेत म्हणून जरा पिवळसर ठेवलेले दात. ती कोरडी पडली तर आकार बिघडतो, म्हणून एका डबीत पाण्यात ठेवलेली. डबी खिडकीशी, निर्जंतुक करायच्या भांड्याजवळ. डॉक्टर रोज सकाळी दवाखाना उघडला की पाणी बदलायचे. मी एकदा म्हटलं, "दुसऱ्या कुणाला तरी द्या, नाहीतर फेका."

"जगात दुसऱ्या तोंडात बसणार नाही ती."

"मग पाठवून द्या."

"येईल की. जेवण जात नसेल त्याला नीट."

ते आले नाहीत. त्यांनी दुसरीकडेही कवळी करून घेतली नाही. मरेपर्यंत एका बाजूनं चावत राहिले. म्हणजे हट्ट कुणाचा होता ते बघा.

डॉक्टर, आता परत तुमच्याकडे येते.

तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा मी दुपारी येऊन बसत असे आणि तुम्हाला वर्तमानपत्र वाचून दाखवत असे. तुम्ही कंटाळलात की हात वर करायचात आणि मी, खरं सांगते, ओळ पूर्ण करूनच थांबायची. त्या दिवशी तुम्ही वहिनींना ती डबी आणायला सांगितलीत. दवाखान्यातून घरी कधी आणली होतीत, मला माहीत नव्हतं.

"बाई, एवढं त्याला नेऊन द्या."

"काय सांगू?"

"काही नाही. बसते का बघ म्हणावं. टोचली तर किंचित घासावी लागेल. कुणाकडूनही घे म्हणावं घासून."

"तुम्हीच बोलवा की त्यांना. आत्ता फोन लावते."

"नको, हट्टी माणूस आहे मी," म्हणालात, आणि हसलात.

मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात देते. तुम्ही तेवढे थांबला नाहीत. सगळ्या जगासाठी थांबलात, तेवढं नाही.

तुमच्यानंतर ते मला एकदाच भेटले, औषधाच्या दुकानात. डबी माझ्या पिशवीत होती; तिन्हीत्रिकाळ घेऊन हिंडत होते, कधीतरी धीर होईल म्हणून. त्यांचा एक गाल आत गेलेला. आवाजही पूर्वीसारखा मोठा नव्हता. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, आता तो नाही. एकच सांगा. मी काय केलं होतं?"

डॉक्टर, मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यात काही सापडतं का ते शोधलं, हेही लिहिते. काही सापडलं नाही. सापडायला तिथं काही होतं की नाही, कुणास ठाऊक! त्यांच्या इमारतीचा रखवालदार असेल, तिथला जिना असेल, नुसतं समोरचं घर असेल; त्यांचा ज्याच्याशी सुतराम संबंध नाही असं काहीही असेल. किंवा असेलही संबंध. ताईनं सांगितलं नाही, तुम्ही विचारलं नाहीत, आणि मला तर तुम्ही विचारूच दिलं नाहीत.

पिशवीच्या बंदावर माझा हात होता. आणि मग माझं डोकं चाललं, तुम्हाला न आवडणाऱ्या पद्धतीनं. मोठेपणासाठी मैत्री तोडणारा माणूस मित्राची कवळी वर्षानुवर्षं पाण्यात जपून ठेवत नाही. ही डबी उघडली की यांना कळणार, हट्ट नव्हता. हट्ट नव्हता तर काय होतं? हा माणूस बुद्धिबळात चाल मागे मागे जाऊन शोधणारा. हा शोधत निघणार. आणि त्या शोधाच्या टोकाला कुणीतरी असणार, जे आता मोठंही झालं असेल, आणि ज्याला आपण सांगितलं होतं की एकदाच सांगायचं.

तुम्ही एवढा विचार केला होतात का, डॉक्टर? की शेवटी तुम्हालाच वाटलं, निदान त्यानं तरी ओळखावं? मला तुम्हाला हे विचारायचं आहे, आणि तुमचा हात वर असला तरी मी विचारते आहे.

"डॉक्टरांचा हट्ट," मी त्यांना म्हटलं. "दुसरं काय?"

त्यांनी मान हलवली. "हट्टीच होता," म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "पण माप बिनचूक घ्यायचा." आणि गोळ्यांची पुडी खिशात घालून गेले.

आता तेही नाहीत. म्हणून तर ताईनं हे छापायला हरकत घेतली नाही, आणि तेही धंदा बदलायला लावून.

परवा वहिनींकडे गेले होते. त्यांनी विचारलं, "ती डबी पोचली का हो?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. "मग पाणी बदलत राहा," म्हणाल्या.

बदलते आहे. द्यायची मात्र राहिली.